पलंगाखालचा गूळ

शॉमबर्ग, इलिनॉय
८ जुलै २००७

ती. कांचनमावशींना सिद्धेशचा नमस्कार.

गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं, हे सीमाताईंच्या फोनवरून कळलं. त्या म्हणाल्या, भूल उतरल्यावर आईचं पहिलं वाक्य "छोल्यांचं पाणी बदललं का?" हे होतं. बदललं होतं, मावशी. डब्यांवाली मुलं तुमची चौकशी करतात.

फोनवर मी नुसतं 'हो मावशी, हो मावशी' करतो म्हणून तुम्ही पत्र लिहायला सांगितलंत, ते बरं झालं. कागदावर मला खोडता येतं.

काल अतुलदादा आपल्या डब्यांच्या किचनवर आले होते. तुम्ही त्यांना आधीच होकार देऊन बसला आहात, हे मला त्यांच्याकडूनच समजलं. त्यांचे वडील मनोहरकाका एक्क्याऐंशीचे होत आहेत. त्यांचं सहस्रचंद्रदर्शन २९ जुलैच्या पौर्णिमेला करायचं ठरलं, आणि नेमक्या त्याच आठवड्यात घरातल्या सगळ्यांची आफ्रिकेची ट्रिप बुक केलेली. सुलेखावहिनी ट्रिप कॅन्सल करायला निघाल्या होत्या. पण मनोहरकाकाच म्हणाले, "चंद्र काय फक्त शॉमबर्गलाच उगवतो?" तेव्हा आता समारंभ झांबियात, लुआंग्वा नदीच्या काठावर, तंबूंच्या सफारी कॅम्पमध्ये. जिथे मांस शिजतं तिथलं मनोहरकाकांच्या पत्नी वीणाकाकू काही खात नाहीत, म्हणून स्वयंपाकी बरोबर न्यायचा. स्वयंपाकी म्हणजे खरं तर तुम्ही. तुम्ही बॉथेलला लेकीकडे पाय वर करून बसलेल्या, म्हणून मी.

मावशी, पुरणपोळी मी एकट्याने कधी केलेली नाही. पुरण मी शिजवतो, पण 'झालं' हे तुम्ही म्हणता. बारावीच्या केमिस्ट्रीच्या पेपरात मी पहिलंच उत्तर पुन्हा पुन्हा तपासत बसलो आणि घंटा वाजली, हे तुम्हाला माहीत आहे. त्यानंतर मी कुठल्याच परीक्षेला बसलो नाही. ही परीक्षाच आहे. हे काम एकट्याने निभावलंस तर सप्टेंबरात किचनची किल्ली तुझी, नाहीतर जागेच्या मालकाला परत, असं तुम्ही म्हणालात. मला ती किल्ली हवी आहे. हे फोनवर माझ्या तोंडून निघालं नसतं.

आता विचारायचं ते विचारतो. डाळीला गूळ किती घ्यायचा? कोळशाच्या शेगडीवर आच कमी कशी करतात? कणीक आदल्या दिवशी मळली तर चालेल का? कॅम्पच्या सूचनांत लिहिलं आहे की खाण्याची कोणतीही वस्तू तंबूत ठेवू नये, सगळं त्यांच्या कुलूपबंद कोठीत द्यावं. देऊ ना?

तुमचा,
सिद्धेश


बॉथेल, वॉशिंग्टन
१३ जुलै

चि. सिद्धेश,

आशीर्वाद. तुझं पत्र वाचून सीमा म्हणाली, "आई, हे पत्र आहे की प्रश्नपत्रिका?"

प्रमाण विचारू नकोस. केव्हापासून सांगते आहे, हाताला कळतं. मीठसुद्धा वजनकाट्यावर ठेवणारा माणूस मी अख्ख्या नागपुरात पाहिला नव्हता, तो मला अमेरिकेत भेटला. पुरणात उलथनं उभं राहिलं की पुरण झालं. शेगडीची आच कमी करायची तर कोळसे बाजूला सारायचे, त्याला काय बटण असतं का? कणीक त्याच दिवशी मळ आणि तेलात तिंब. एवढंच.

कोठीचं मात्र बरं विचारलंस. अरे, तिथे मांस टांगलेलं असणार. त्याच्या शेजारी नैवेद्याचा गूळ? वीणाताईंना नुसतं कळलं तरी त्या ताटावरून उठतील. मी त्यांना ओळखते, त्यांनी एकदा माझ्या डोळ्यांसमोर अख्खा श्रीखंडाचा डबा परत पाठवला होता, का तर तो फ्रीजमध्ये अंड्यांच्या खाली होता. पीठ देऊन टाक हवं तर कोठीत. पण डाळ, गूळ, खारीक, वेलदोडे, आणि माझ्या भावाने नागपूरहून पाठवलेली संत्रा बर्फी, हे सगळं एका वेगळ्या पिशवीत घाल आणि तुझ्या पलंगाखाली ठेव. मनोहरकाकांना ती बर्फी फार आवडते. सूचना काय, हॉटेलवाले सगळीकडेच लिहितात. मुंग्या होतात म्हणून लिहितात. मुंग्यांसाठी हळदीची रेघ ओढ.

माझा गुडघा झकास आहे. सीमाचं घर मोठं आहे, खिडकीतून झाडं दिसतात. बाकी पुढे लिहीन.

कांचनमावशी

आणि हे बघ, भिऊ नकोस असं मी म्हणणार नाही. तू भिणारच. भीत भीत कर, पण कर.


लुआंग्वा नदीचा कॅम्प, झांबिया
२६ जुलै

ती. मावशी,

पोहोचलो. शेवटचं विमान इतकं लहान होतं की वैमानिकाने आम्हाला वजन विचारून बसवलं. मला तो माणूस आवडला.

कॅम्प नदीच्या उंच काठावर आहे. पाणी आटलंय, मधे मधे वाळूचे पट्टे दिसतात. पाण्यात पाणघोडे दाटीवाटीने बसलेले असतात आणि दिवसभर घोगऱ्या आवाजात हसल्यासारखे ओरडतात. अतुलदादांची मुलं नकुल आणि अनिका त्यांना 'आजोबांचे मित्र' म्हणतात. मनोहरकाका सकाळी उघड्या जीपमधून फिरून येतात आणि मग खुर्ची टाकून नदीकडे बघत राहतात. काल म्हणाले, "सिद्धेश, मी जन्मभर म्युनिसिपालिटीचं पाणीखातं सांभाळलं, पण नदी बसून पाहिली ती आज."

मला स्वयंपाकासाठी एका मोठ्या चिंचेखाली वेगळी शेगडी मांडून दिली आहे. वीणाकाकूंनी स्वतः येऊन पाहणी केली आणि 'ठीक' म्हणाल्या. कॅम्पचे मुख्य स्वयंपाकी मिस्टर फिरी म्हणून आहेत. तुमच्याच वयाचे असतील आणि बोलण्यातही तुमच्यासारखेच आहेत. मी पोळीचे गोळे काट्यावर ठेवत होतो तर म्हणाले, "यंग मॅन, हे सोनं आहे का?"

कॅम्पच्या मॅनेजरबाईंनी पहिल्या दिवशी सगळ्यांना उभं करून खाण्याच्या वस्तूंचा नियम पुन्हा सांगितला. पीठ, तांदूळ, तूप मी कोठीत दिलं. बाकी तुम्ही सांगितलंत तसं केलं आहे. हळदीची रेघही ओढली. खोली झाडायला येणाऱ्या माणसाने ती पाहिली आणि फिरींना जाऊन सांगितलं की पाहुणा तंबूत काहीतरी पूजा करतो.

एकही मुंगी आलेली नाही.

उद्या एक कुटुंब शिकागोला परत जातंय, त्यांच्या हाती हे पत्र देतो. परवा डाळ भिजवीन. विचारण्यासारखं बरंच आहे, पण तुमचं उत्तर येईपर्यंत पौर्णिमा होऊन जाईल. विचित्र वाटतं.

सिद्धेश


बॉथेल
२७ जुलै

चि. सिद्धेश,

हे पत्र तू परत आल्यावर वाचशील. मुद्दामच शॉमबर्गच्या पत्त्यावर टाकते आहे. तोंडावर सांगायला मला जमणार नाही.

गुडघा झकास आहे असं लिहिलं होतं ना, तो नाहीये. डॉक्टर म्हणतात दुसराही करावा लागेल. तासन्‌तास उभं राहणं आता विसरा, म्हणतात. सीमा म्हणते, "आई, इनफ. किचन बंद कर, इथेच राहा." मी तिच्याशी भांडले, मग रडले, मग मलाच वाटलं की ती बरोबर आहे.

किल्लीचं मी तुला बोलले होते, ते मनापासूनच बोलले होते. पण इथे पडल्या पडल्या विचार करते आहे. रोज पन्नास जणांचे डबे, त्यात कोणाला मीठ जास्त, कोणाला तेल कमी, एखादा पोरगा 'आईच्या हातची चव नाही' म्हणून डबा परत पाठवणार. तू त्या एका वाक्यावर आठवडाभर झोपणार नाहीस. तुला त्यात ढकलून मी इथे आरामात बसू का? पौर्णिमेचं तू नीट करशील, त्याबद्दल शंका नाही. पण एक दिवस वेगळा आणि रोजचं वेगळं. त्यापेक्षा अतुलला सांगून कुठे ऑफिसच्या कँटीनमध्ये तुला चिकटवून देते. तिथे काटा आहे, चार्ट आहेत, सगळं मोजून मापून असतं.

आलास की मालकाला सांग, ऑगस्टअखेर किल्ली देतो म्हणावं.

रागावू नकोस रे.

मावशी


लुआंग्वा
३० जुलै

ती. मावशी,

काल समारंभ झाला. उद्या निघतो, तेव्हा हे पत्र शिकागोला उतरल्यावरच टाकीन.

आधी अडचणी लिहितो. गूळ थोडा कमी पडला. डाळही. खारीक, वेलदोडे आणि बर्फी यांचाही उपयोग करता आला नाही. वजनकाटा चालेनासा झाला. एवढं सोडलं तर सगळं ठीक होतं.

त्यामुळे पुरण रताळ्याचं केलं. फिरींच्या गावात नुकतीच रताळी निघाली आहेत. त्यांनी सायकलवर पोतं बांधून आणलं, त्यांच्या बायकोने वर दोन जास्तीची घातली होती. ती कशासाठी, असं मी विचारलं तर म्हणाले, "बायको म्हणाली, पोरगा पहिल्या पोळ्या बिघडवणार." तिचं बरोबर होतं. उकडलेल्या रताळ्याला पाणी सुटलं आणि पहिल्या चारही पोळ्या तव्यावरच फुटल्या. साखर किती घालायची ते ठरवायला काटा नव्हता. दुपार उतरायला लागली होती. मी फिरींना विचारलं, "आता काय करू?" ते म्हणाले, "मी ही वस्तू जन्मात पाहिली नाही. मला काय विचारतोस?"

मग मी विचारायचं थांबलो, कारण विचारायला कोणी उरलंच नव्हतं. रताळ्याचा लगदा पुन्हा कढईत काढला, शेगडीवर ठेवला आणि हलवत राहिलो. साखर मुठीने घातली. चाखली, अजून थोडी घातली. कॅम्पच्या केकच्या सामानात जायफळ होतं, ते किसलं. उलथनं रताळ्यात उभं राहत नाही, मावशी, ते आडवं होतं. पण एका क्षणी लगदा कढईचा तळ सोडायला लागला आणि बोटाला चिकटेनासा झाला. मी 'झालं' म्हणालो. मोठ्याने म्हणालो. फिरींनी मान डोलावली, त्यांना काय कळलं कोण जाणे.

कणकेचे एक्क्याऐंशी दिवे वीणाकाकू आणि सुलेखावहिनींनी लावले. जेवायच्या लाकडी ओट्यावर ते मांडले. मनोहरकाकांना मध्ये बसवून सगळ्यांनी ओवाळलं, कॅम्पची माणसंही रांगेत उभी राहिली. तेवढ्यात पलीकडच्या काठावरून चंद्र वर आला, लालसर आणि इतका मोठा की अनिका "ओह माय गॉड" म्हणून ओरडली. काका बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "लोक म्हणतात मी हजार चंद्र पाहिले. खरं सांगू? निम्मे ढगात गेले आणि उरलेले मी झोपेत घालवले. हा पहिला, जो उगवण्यापासून पाहिला."

पोळ्या पुरल्या. वीणाकाकूंनी आणखी मागितली. फिरींनी एक खाल्ली आणि बायकोसाठी दोन बांधून नेल्या.

आज सकाळी फिरींशी बोलताना मी तुमचा उल्लेख 'माझ्या शिक्षिका' असा केला.

सिद्धेश


शॉमबर्ग
४ ऑगस्ट

ती. मावशी,

तुमचं २७ तारखेचं पत्र काल घरी आल्यावर वाचलं. पुन्हाही वाचलं.

तुमचं बरोबर आहे. मालकांना सांगतो. दुसऱ्या गुडघ्याची काळजी घ्या.

सिद्धेश


बॉथेल
१३ ऑगस्ट

सिद्धेश,

आशीर्वाद-बिशीर्वाद नंतर. आधी मला सांग, वजनकाट्यावर हत्ती उभा राहिला तर काटा 'चालेनासा' होणार नाही तर काय होणार?

काल सुलेखाचा फोन आला. "मावशी, यू वोन्ट बिलीव्ह धिस," इथून जी सुरू झाली ती माझा चहा गार होऊन त्यावर साय धरेपर्यंत थांबली नाही. म्हणाली, पौर्णिमेच्या आदल्या दुपारी सगळी जेवून पडली होती. नदीवरून एक हत्ती शांतपणे चालत आला. इतके तंबू होते, पण त्याने दुसरीकडे बघितलंसुद्धा नाही. थेट तुझ्या तंबूच्या मागे गेला, सोंडेने कापड टराटरा फाडलं आणि पलंगाखालची पिशवी तुझ्या काट्यासकट ओढून काढली. नकुल ओरडला, "मॉम, ही इज स्टँडिंग ऑन द स्केल!" बर्फी आधी खाल्ली म्हणे, मग गुळाची ढेप. डाळ वाळूत सांडून पायाखाली गेली. तू चिंचेखाली लाटणं हातात धरून उभा होतास.

आणि मग घरातले सगळे एकामागून एक म्हणाले, "गणपतीनेच नैवेद्य घेतला!" सुलेखा म्हणते प्रत्येकाला वाटलं हे आपल्यालाच सुचलं. अतुल तर दोनदा म्हणाला.

पण त्यानंतरचं ती सांगायला लागली आणि माझं हसू गेलं. ती मॅनेजरबाई आली. सगळ्यांसमोर तुला झापलं. तंबूत तू असतास तर मेला असतास, म्हणाली, आणि ते खरंच आहे. इतकी ताकीद देऊन खाणं तंबूत का ठेवलंस, असं तिने विचारलं. अतुलनेही विचारलं. तू मान खाली घालून 'सॉरी मॅडम' एवढंच म्हणालास. उद्याच्या विमानाने हा स्वयंपाकी परत जाईल, असं तिने सांगून टाकलं. शेवटी मनोहरकाका काठी टेकत उठले आणि म्हणाले, "मग मलाही पाठवा. माझा चंद्र मी एअरपोर्टवर बघतो." तेव्हा कुठे ती नरमली.

सुलेखा मला म्हणते, "एवढा केअरफुल मुलगा, मावशी, आणि असा वेडेपणा कसा केला काय माहीत!"

मला माहीत आहे ना. मुंग्या होतात म्हणून लिहितात! हळदीची रेघ ओढ! हे शहाणपण माझं. तू नियम वाचलास, मला विचारलंस, आणि मी तुला हत्तीच्या तोंडी दिलं. सुलेखाला मी तेव्हाच फोनवर सगळं सांगितलं. वीणाताई बाजूला होत्या, त्यांनी फोन घेतला आणि म्हणाल्या, "कांचन, माझं सोवळं त्या पोराच्या जिवावर बेतलं असतं गं. मला मेलीला कोणी काही बोलत का नाही?"

आणि तू! त्या बाईला नाही सांगितलंस, अतुलला नाही, मलाही नाही. 'गूळ थोडा कमी पडला' म्हणे.

आता ऐक. एका वाक्यावर तू झोपणार नाहीस, असं मी लिहिलं होतं. सगळ्या कॅम्पसमोर बोलणी खाऊन, विमानाची धमकी ऐकून, सामान नसताना, दुसऱ्या दिवशी तू उभा राहिलास आणि वीणाताईंना आणखी पोळी मागायला लावलीस. तुझ्याबद्दल मला जे वाटत होतं ते चुकलं. कँटीनचं विसर. मालकाकडे गेला नसशील तर जाऊ नकोस. गेला असशील तर मी फोन करते. मात्र रोजचं काम आहे, मी इथून उठून येऊ शकणार नाही. तुला जमेल का, ते तू मला सांग. मी नाही सांगणार.

आणखी एक. सीमाच्या मुलांसाठी मी रताळ्याच्या पोळ्या दोनदा करून बघितल्या. काठी धरून, एका पायावर. दोन्ही वेळा फुटल्या. सीमा हसत होती. तुझं प्रमाण लिहून पाठव.

मावशी


शॉमबर्ग
२१ ऑगस्ट

ती. मावशी,

तुमचं पत्र आलं. काट्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते बरोबर आहे. मीही तेव्हा हसलो असतो, पण हत्ती अजून तिथेच होता.

मालकांकडे मी गेलो होतो. म्हणजे निघालो होतो. किल्ली खिशात होती. आधी किचन स्वच्छ करून मग द्यावी म्हणून दार उघडलं, तर मागोमाग आपली डब्यांवाली तीन मुलं आत आली. गुरुनाथ, तो पुण्याचा उंच मुलगा, म्हणाला, "यार सिद्धेश, मावशी नाहीत ते कळलं, पण किती दिवस सँडविच खाऊ? डबा कधीपासून?"

मी 'मावशींना विचारून सांगतो' म्हणणार होतो. तोंडातून निघालं, "सोमवारपासून."

तो सोमवार म्हणजे १३ तारीख. तुम्ही बॉथेलला पत्र लिहीत होतात, तेव्हा इथे मी कुकर लावत होतो. तुम्हाला विचारलं नाही, याबद्दल हवं तर रागवा. मालकांना सांगितलं आहे की सप्टेंबरनंतरही किचन चालू राहील. सध्या सगळे परत आलेले नाहीत, पण रोज एखादा वाढतो. परवा एकाने चिठ्ठी पाठवली, 'आमटीत मीठ जास्त.' मी वाचली, आमटी चाखली. मीठ खरंच जास्त होतं. दुसऱ्या दिवशी कमी घातलं. मधल्या रात्री झोपलो होतो.

नवा वजनकाटा आणायचा म्हणतो, पण दुकानाच्या दारापर्यंत जाऊन दोनदा परत आलो. फिरींना तुमचा पत्ता देऊन ठेवला आहे. त्यांच्या बायकोने विचारलंय की या गोड भाकरीला तुमच्यात काय म्हणतात.

मॅनेजरबाईंना मी का सांगितलं नाही, असं तुम्ही विचारलंत. सांगून काय झालं असतं? तुम्ही तिथे नव्हतात. पोळ्या तर मलाच करायच्या होत्या.

आणि रताळ्याचं प्रमाण. मी दोन दिवस विचार केला, कागदावर लिहायलाही बसलो आणि खोडलं. प्रत्येक रताळ्याला पाणी वेगळं सुटतं, मावशी, गोडी वेगळी असते. नुसतं लिहून येणार नाही. हाताला कळतं.

दुसरा गुडघा होऊ द्या. मग एकदा इकडे या. खुर्ची टाकून बसा, उभं राहायचं नाही. मी दाखवतो.

सिद्धेश